मोहरबंद हात

दिंडी दरवाजा मी उघडला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मला बिचारी बिचारी म्हणायला लागाल आणि ते मला अजिबात खपत नाही. माझ्या नवऱ्याने, ऑर्ड्रिकने, तो उघडला नव्हता. उलट त्यानेच धावत जाऊन तो लावला. तरी तापलेलं लोखंड ठेवलं ते त्याच्या हातावर, आणि मी, ही अल्डिथ, चर्चच्या खांबाला टेकून बघत उभी राहिले.

तेव्हा आम्ही विथरीच्या गढीत राहायचो. गढी कसली, मातीचा ढिगारा आणि त्याच्याभोवती ओंडक्यांचं कुंपण. सरदार जोसेलिनने ती ऐन नांगरणीच्या दिवसांत तीन गावं वेठीला धरून उभी केली. राजा आणि त्याची मामेबहीण तेव्हा मुकुटासाठी भांडत होते. ती बाई स्वतःला सम्राज्ञी म्हणवून घ्यायची. आमचा जोसेलिन राजाचा, आणि दलदलीपलीकडचा सरदार इम्बर्ट सम्राज्ञीचा. गाय मात्र दोघांनाही आमचीच न्यायची असायची. एकजण राजाच्या नावाने न्यायचा, दुसरा सम्राज्ञीच्या नावाने, आणि गाय काही परत यायची नाही. सहा वर्षं हेच चाललं होतं. शेतं पडीक पडली. कुणी घरात काही दडवलंय असा नुसता संशय आला तरी त्याला अंगठ्यांनी टांगून खाली धूर करायचे. आमच्या गावचा कुंभार असाच गेला, आणि त्याच्याकडे दडवायला मडक्यांशिवाय काही नव्हतं हो!

ऑर्ड्रिक गढीचा द्वारपाल होता, म्हणून आम्हाला दोन वेळचं मिळत होतं. कोठारात जव होते, वाटाणे होते, खारवलेल्या वाम माशांची पिंपं होती. आणि खाली गावात माझी सख्खी बहीण सुन्निवा, नवरा गेलेला, पदरात दोन मुली, झाडाची साल कुटून पावाच्या पिठात मिसळत होती. मग मी काय करायचं होतं? रोज संध्याकाळी ऑर्ड्रिक जेवायला बसला की मी गुपचूप दिंडी दरवाज्याचा अडसर काढायची, बाहेर उभ्या असलेल्या सुन्निवाच्या हातात पुरचुंडी द्यायची आणि अडसर परत घालायची. ऑर्ड्रिकला यातलं काही माहीत नव्हतं. तो इतका सरळ होता की मालकाचे चार वाटाणे कुणी मुठीत घेतलेले कळले असते तर त्याला घास गेला नसता. कधी कधी मला त्याच्या सरळपणाचा संताप यायचा, आजही येतो.

मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, फेब्रुवारीच्या गारठ्यात, सुन्निवाला चढ चढवेना. मी दारातून पाहिलं, तर ती खाली खंदकाच्या काठावर बसलेली. हाक मारली तर नुसता हात हलवला. दार मिटू नये म्हणून मी त्याला दगड लावला आणि पुरचुंडी घेऊन खाली धावले.

"अगं, वर यायचं ना दोन पावलं," मी म्हटलं.

"पाय ऐकत नाहीत गं ताई," ती म्हणाली. "तूच ओरड त्यांना, तुझं सगळे ऐकतात."

मी माझी शाल तिच्या अंगावर घातली. तिचे हात चोळत बसले. किती वेळ बसले असेन? फार नाही. पण वर बघते तर लव्हाळ्यातून माणसं निघालेली आणि वाकून वाकून माझ्या उघड्या दारातून आत चाललेली. इम्बर्टची माणसं! किती दिवस तिथे दबा धरून होती देव जाणे. मी तोंडात मूठ कोंबली. ओरडायला हवं होतं, ओरडले नाही. आत आरडाओरडा झाला, कोठाराच्या छपरावर जाळ दिसला, आणि मग धाडकन दरवाजा लागला. ऑर्ड्रिकने ताटावरून उठून, पळत येऊन अडसर घातला होता. पुढे आलेले आठजण आत अडकले, बाकीचे बाहेरून दारावर लाथा मारून पळाले. आतल्या आठांना जोसेलिनच्या शिपायांनी कापून काढलं. पण तोवर निम्मं कोठार जळालं होतं आणि जोसेलिनचा तरणाताठा पुतण्या अंगणात मरून पडला होता.

आग विझवायला मोठा दरवाजा उघडला तेव्हा पाणी वाहणाऱ्या बायकांबरोबर मी आत घुसले. सुन्निवाला घरी जा म्हणून सांगितलं होतं. ती गेलीच नाही. सकाळी तिथेच सापडली, माझी शाल पांघरून, पुरचुंडी तशीच बांधलेली. तिच्या मुली माझ्याकडे आल्या.

त्याच सकाळी जोसेलिनने ऑर्ड्रिकला अंगणात उभं केलं.

"दरवाजा कुणी उघडला?"

"मी नाही, सरकार. मी तो लावला."

"लावलास, म्हणजे आधी उघडा होता. आणि अडसर कुणाच्या ताब्यात असतो?"

"माझ्या, सरकार," ऑर्ड्रिक म्हणाला. असा माणूस!

आमच्याकडे रीत अशी की ज्याच्यावर आळ आला त्याने अकरा माणसं आणायची आणि त्यांनी हा खरं बोलतो अशी शपथ घ्यायची. बारा शपथा जमल्या की आळ फिटला. ऑर्ड्रिक गावभर फिरला. कुणाची मेंढी व्यायला टेकली होती, कुणाची कंबर धरली होती. गावचा कारभारी थर्किल, ज्याच्या पोरीच्या लग्नात ऑर्ड्रिक दोन दिवस राबला होता, तो म्हणाला, "माझा जीव तुटतो रे तुझ्यासाठी, पण शपथेचं मला लहानपणापासून जमत नाही." अकरा सोडा, एकही आला नाही. मग लोखंड उरलं.

तुम्ही विचाराल, बये, तेव्हा तू तोंड का उघडलं नाहीस? भीती होती. त्या दोन पोरी माझ्या झग्याला धरून उभ्या होत्या. पण खरं कारण वेगळंच होतं. लोखंड खोटं सांगत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. निर्दोष माणसाच्या हातावर देव स्वतः फुंकर घालतो. ऑर्ड्रिक निर्दोष होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? म्हणजे त्याचा हात बरा होणारच. तो सुटेल, मीही सुटेन, मुलीही जगतील, आणि पुन्हा कुणी काही विचारणार नाही. असा हिशोब केला मी. जणू देव माझ्या घरचा गडी!

आणि ऑर्ड्रिक? तो तर माझीच समजूत घालत होता. "रडतेस कशाला? मी काही केलंय का? देवाला पक्कं ठाऊक आहे दार कुणी उघडलं ते."

मी खाली मान घालून त्याचे जोडे पुसत बसले.

मंगळवारी चर्चमध्ये सगळा गाव जमला. पाद्रीबाबा वुल्मर म्हातारे, हात थरथरणारे, भले माणूस. त्यांनी प्रार्थना म्हटली, लोखंडावर पवित्र पाणी शिंपडलं तर ते फिस्सकन उडालं. मग ऑर्ड्रिककडून शपथ म्हणवून घेतली. "हा दरवाजा मी उघडला नाही. मी तो लावला. मी खरं बोलत असेन तर देव माझा हात राखो." त्याने ते लालभडक लोखंड उजव्या हातात घेतलं आणि नऊ पावलं चालला. धावला नाही. सातव्या पावलाला त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की माझ्या शेजारची बाई खालीच बसली. मांस जळल्याचा वास आला आणि, लाज वाटते सांगायला, भुकेने माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पाद्रीबाबांनी हाताला कापड गुंडाळलं, गाठीवर मेण ओतलं आणि त्यावर चर्चची मोहर उठवली. "शुक्रवारी सगळ्यांसमोर सोडायची. जखम स्वच्छ असली तर हा निर्दोष. पू दिसला तर देवाने याला खोटा ठरवला." खोटा ठरला तर काय, हे सांगायची गरज नव्हती. जोसेलिनने दोर आधीच आणवला होता.

ऑर्ड्रिकला चर्चच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. पाव, पाणी आणि मीठ नेऊन द्यायची मला परवानगी होती. बुधवारी दुपारी गेले तर दारातच वास आला. मी म्हटलं, उंदीर मेला असेल. उंदीर नव्हता. पट्टीच्या कडेने पिवळं झिरपत होतं, आणि ऑर्ड्रिक तापाने फणफणला होता.

"आई, पाणी दे गं," तो मला म्हणाला.

हे कसं? निर्दोष माणसाचा हात सडतोच कसा? मी छताकडे बघून म्हटलं, "अरे, करतोयस काय तू? याने नाही उघडला! तुला दिसलं नाही का? मी होते ती, मी!" वर एक कबुतर घुमत होतं, दुसरं काही नाही.

मी तशीच पाद्रीबाबांकडे गेले. ते परसात मधमाश्यांच्या टोपल्या गवताने झाकत होते.

"बाबा, एक विचारू? समजा दुसऱ्याच कुणी येऊन म्हटलं की दार मी उघडलं, तर?"

त्यांनी हातातलं गवत खाली टाकलं. "आज? लोखंड उचलून झाल्यावर? पोरी, आता हात बोलणार, माणसं नाहीत. हात सडला तर तो लटकेल, आणि बोलणाराही लटकेल. जोसेलिनकडे दोराची कमी नाही."

"आणि हात सडला नाही तर?"

त्यांनी उरलेलं गवत गोळा केलं. आणि जाताना एका टोपलीवरचं झाकण उघडंच ठेवून गेले. विसरले असतील, म्हातारपण.

मी सुरी तापवली. मोहर न तोडता अख्खी खालून उचलली, चटका बसून बोटं भाजली तरी सोडली नाही. पट्टी काढली तेव्हा जे दिसलं ते सांगत नाही. उकळलेल्या मिठाच्या पाण्याने धुतलं, सडलेलं खरवडलं. ऑर्ड्रिक तापात "आई, आई" करत होता आणि मी आईसारखं "झालं रे, झालं राजा" म्हणत होते. मग त्या उघड्या टोपलीतला भरपूर मध भरला, धुतलेलं कापड बांधलं, त्यावरून पहिली पट्टी, आणि मोहर मेणाने परत बसवली. गुरुवारी पुन्हा तेच केलं.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा ताप उतरला. डोळे उघडून म्हणाला, "अल्डिथ, ठणका गेला बघ. रात्रभर कुणीतरी माझा हात धरून बसल्यासारखं वाटत होतं. मी सांगत नव्हतो तुला?"

"सांगत होतास," मी म्हटलं.

"देव गरिबाकडे बघतो गं. या असल्या दिवसांतसुद्धा बघतो." त्याचे डोळे भरून आले होते. मी पाण्याचं भांडं उचललं आणि बाहेर पडले.

शुक्रवारी गाव जमला, पण जोसेलिन येईना. वरून गढीतून कुणीच खाली उतरलं नव्हतं. लोक कुजबुजत होते. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "देवाचं काम सरदारासाठी थांबत नाही," आणि त्यांनी ऑर्ड्रिकचा हात हातात घेतला. मोहरेच्या कडेवरून अंगठा फिरवला. सुरीची रेघ होती तिथे अंगठा थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो थरथरता हात पवित्र ग्रंथावर ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "देवाला साक्षी ठेवून सांगतो, मोहर अखंड आहे."

पट्टी सुटली. आतलं मधाचं कापड त्यांनी वरच्या पट्टीबरोबरच चुरगाळून बाहीत सारलं. ऑर्ड्रिकने तळहात वर केला. लाल होता, कातडं ताणलेलं होतं, पण पू नाही, वास नाही. लोकांनी काय गलका केला! ज्यांची कंबर धरली होती ते सगळ्यात उंच उड्या मारत होते. थर्किल त्याच्या गळ्यात पडून म्हणाला, "मला पहिल्यापासून माहीत होतं!" ऑर्ड्रिक हसत होता आणि रडतही होता. मी खाली बसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा मला भूक लागली आहे असं वाटलं.

तेवढ्यात बाहेर घोडे वाजले. आम्हाला वाटलं, आला जोसेलिन. दारात उभा राहिला तो इम्बर्ट.

जोसेलिन होडीतून पळाला होता आणि पहाटे इम्बर्टने गढी घेतली होती. आम्हाला पत्ताही नव्हता. चिखलाने भरलेला, झोप नसलेला माणूस होता तो. "इथे काय चाललंय?" त्याने विचारलं. त्याने थर्किलकडे बोट केलं, आणि थर्किलने, ज्याला शपथेचं जमत नव्हतं, सगळं घडाघडा ओकलं. मेणबत्त्यांच्या सणाला दार उघडं राहिलं, या द्वारपालावर आळ आला, देवाने त्याला आत्ताच खरा ठरवला.

"शपथ काय होती?" इम्बर्टने विचारलं.

"उघडला नाही, मी तो लावला, अशी," थर्किल म्हणाला.

इम्बर्ट सावकाश ऑर्ड्रिकपुढे आला. "आत माझा धाकटा भाऊ होता. दार लागलं नसतं तर तो बाहेर पडला असता. तूच लावलंस?"

"नाही म्हण," मी ओरडले. "ऑर्ड्रिक, नाही म्हण!"

"हो, सरकार, मीच," ऑर्ड्रिक म्हणाला, आणि तळहात पुढे केला. "देवानेच साक्ष दिली आहे." मूर्ख माणूस! त्याला वाटलं खरं बोलणाऱ्याची कदर होईल.

इम्बर्ट आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "घ्या याला."

मी मधे पडले. "सरकार, दार मी उघडलं! तुमची माणसं माझ्यामुळे आत गेली! मी तुमची आहे, हा माझा नवरा आहे, सोडा त्याला!"

त्याचे स्वार हसायला लागले. एकजण म्हणाला, "सकाळपासून ही चौथी. वरचा आचारी पण हेच म्हणत होता."

"उघडणाऱ्याला मी गाय देईन म्हटलं होतं," इम्बर्ट म्हणाला, "आता अख्ख्या विथरीने उघडलं म्हणे. कशासाठी उघडलंस, बाई? सम्राज्ञीसाठी?"

"बहिणीसाठी. वाटाण्यांसाठी."

पुन्हा हशा झाला. साक्षीला कोण होतं माझ्या? सुन्निवाला पुरून झालं होतं. मग माझ्या डोक्यात लख्ख आलं, आणि मी किंचाळले, "तो हात खोटा आहे! सडला होता! मोहर मी उचलली, मध मी भरला! खरा निवाडा पू होता, सरकार. म्हणजे त्याची शपथ खोटी, त्याने लावलं नाही, काही लावलं नाही! पाद्रीबाबांना विचारा!"

इम्बर्टने पाद्रीबाबांकडे पाहिलं. "मोहर कशी होती?"

सगळ्या गावाने आत्ताच त्यांना ग्रंथावर हात ठेवताना पाहिलं होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अखंड होती." मी त्यांना आजही माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माझ्यासाठीच पहिलं खोटं सांगितलं होतं हेही विसरलेले नाही.

ऑर्ड्रिकला दोघांनी धरलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. साऱ्या चर्चमध्ये माझ्यावर विश्वास बसला होता तो फक्त त्याचा. त्याच्या डोळ्यांपुढे ते वाटाणे, त्या संध्याकाळच्या वेळा, माझी हरवलेली शाल, सगळं जुळत जाताना मला दिसलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

तो जवळून जाताना थांबला. शिपायाने ओढलं नाही, तेवढी दया केली.

"अल्डिथ," तो हळूच म्हणाला, "दाराचं जाऊ दे. हात... हात तू बरा केलास?"

त्याचा आवाज असा होता की लोखंड उचलतानासुद्धा तो तसा झाला नव्हता. मी त्याचा तो लाल तळहात माझ्या दोन्ही हातांत घेतला. खरं ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

"नाही रे वेड्या," मी म्हटलं. "तुला सोडवायला खोटं बोलले मी. पट्टीला हातसुद्धा लावला नाही. देवानेच केला."

त्याने श्वास सोडला. "मला माहीत होतं," तो म्हणाला, आणि त्या दोघांच्या पुढे, आपल्या पायांनी चालत बाहेर गेला.